सही सरळ येते आहे तोवर

मी, खाली सही करणारा, ताईचा धाकटा भाऊ आणि बाकी जगाचा भिंगरी, पूर्ण शुद्धीवर राहून, कुणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. वय मरण्याचं नाही. पण सही सरळ येते आहे तोवर कागदपत्रं उरकावीत, असं माझं मत झालं आहे. कारण कलम तीनमध्ये येईल, मध्येच मला दुसरं काही सुचलं नाही तर.

कलम एक. स्थावर मिळकत: नाही. कॉलेज दोनदा सोडलं, बोटी रंगवल्या, लोकांची कुत्री फिरवली. त्यातलं एक कुत्रं माझ्यापेक्षा शहाणं होतं, त्याची हकीकत वेगळी लिहीन.

कलम दोन. जंगम मिळकत: सायकल, गळके बूट, पाठीवरची पिशवी, गेलेल्या बाबांचे ब्रश आणि एक मेलेली चिप. सध्या मी एका प्रयोगशाळेत मॅडमच्या हाताखाली नळ्या धुतो, चिठ्ठ्या लावतो. तिथे स्टेपलरएवढं एक यंत्र आहे, त्यात ही चिप बसते. चिपमध्ये पातळ पडदा, पडद्याला डोळ्यांना कधीच दिसणार नाहीत इतकी बारीक भोकं, आणि भोकांतून वाहणारी वीज. डीएनएचा धागा भोकातून सरकला की प्रत्येक अक्षर ती वीज थोडी वेगळी अडवतं आणि संगणकावर वेडीवाकडी रेघ उमटते. रेघेवरून अक्षरं वाचायची.

“म्हणजे चाळणीला कान लावून बसायचं,” मी पहिल्या दिवशी म्हणालो.

“तू आधी हात धू,” मॅडम म्हणाल्या.

चिपमध्ये हवेचा एक बुडबुडा शिरला तरी पडदा फाटतो. तो मी घातला. ती चिप आता किल्ल्यांना लटकवलेली आहे. संग्रहालयाने मागितल्यास द्यावी.

कलम तीन. मॅडमकडे नव्या माणसाने पहिला हात स्वतःच्या रक्तावर बसवायचा असतो. दुसऱ्याचं रक्त वाया जाऊ नये म्हणून. सराव सुरू करताना यंत्राची मांडणीही सरावाची लावायची. कारण हे यंत्र मोठं चोखंदळ आहे: धाग्याचं टोक वाचतं, हवा तो नसेल तर वीज उलटी करून आला तसा मागे ढकलतं. मॅडमनी ते आपल्या कामासाठी, धाग्यावरच्या एका आजाराच्या जागेवर लावून ठेवलं होतं. मी बदलायला विसरलो. खिडकीबाहेर क्रेनने पियानो चढवत होते, असं रोज दिसतं का?

तर यंत्राने माझं बाकी सगळं फेकून दिलं आणि नेमकी तीच जागा वाचली.

मॅडम रेघ बघून स्टुलावर बसल्या. “तुझ्या घरात कुणी झोकांड्या खात चालायचं का?”

“बाबा. पण ते पिऊन.”

“पिताना पाहिलंस?”

पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं.

त्या जागी तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. सगळ्यांच्यातच येतात. माझ्यात फार येतात. तुकडे करून वाचणाऱ्या यंत्रांचा तिथे मोजताना गोंधळ होतो. हे अख्खा धागा एका दमात वाचतं. पुढे कधीतरी तोल जाणार, जीभ जड होणार, हात थरथरणार. नंतर डॉक्टरांसमोर बसून रीतसर पुन्हा तपासलं. तेच. औषध नाही. हे आईकडून नाहीतर बाबांकडून येतं. आई शेवटपर्यंत ताठ चालली. बाबांची आई मात्र भिंत धरून चालायची. तिला कुणी दारुडी म्हटलं नाही, कारण ती आजी होती.

माझं रक्त आणि त्याची रेघ संशोधनाला द्यावी. पियानोचा उल्लेख गाळू नये.

कलम चार. काका. बाबा आणि ते मिळून दुकानांचे बोर्ड रंगवत. बाबांची अक्षरं वाकडी यायला लागली तशी काकांनी त्यांना हाकललं आणि दुकानाच्या पाटीवरचं त्यांचं नाव खरवडलं. “बेवड्याला शिडीवर चढवू का?” हे चहाच्या टपरीवर, सगळ्यांदेखत. सबब बाबांचे ब्रश काकांना द्यावेत, या अटीवर की ते नाव त्यांनी स्वतःच्या हाताने परत रंगवावं. रंग त्यांचा. शिडीवरून पडल्यास ही मिळकत जबाबदार नाही.

कलम पाच. उरलेलं सगळं ताईला. सोबत हा कागदही, माझ्या मरणानंतर उघडण्यासाठी.

इथे मॅडमनी कागद वाचला आणि म्हणाल्या, “तोवर तिचं तिला चालताना कळलेलं असेल.”

“मग आजच सांगतो.”

“तिने विचारल्याशिवाय नाही.”

खरी गोम ही आहे. बापाचं हे मुलांत उतरणं म्हणजे नाणं उडवल्यासारखा प्रकार आहे: माझं पडलं, ताईचं अजून हवेत आहे. बाबांना सोडवायचं तर ताईला अडकवावं लागतं. आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. शेवटी फोन केला.

“ताई, बाबांबद्दल एक कळलंय. ऐकलंस तर तुझ्याबद्दलही अर्धं कळेल. ऐकायचंय का?”

“परत नोकरी सोडलीस ना?”

“नाही.”

“मग कुणाची सोडवलीस?”

“ताई.”

तिने थट्टा सोडली. मग म्हणाली, “ते पीत होते की नव्हते, एवढंच सांग.”

“एवढंच सांगता येत नाही. एकाला दुसरं चिकटलंय.”

तिने फोन ठेवला. शनिवारी दारात उभी. खुर्चीवर सायकलचं चाक होतं म्हणून पलंगावर बसली. “वाच,” म्हणाली.

“वाचलं की परत घेता येणार नाही.”

“वाच रे.”

मी वाचलं. ती चपलेचा पट्टा सोडत-लावत ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, “माझ्या लग्नात मी बाबांना बाहेरच्या बाहेर परत पाठवलं होतं.” मला हे माहीत नव्हतं. मी चहा टाकायला उठलो आणि बराच वेळ पातेलं विसळत राहिलो.

मग तिने पेन मागितलं. साक्षीदार व्हायचं म्हणे. मी समजावलं की साक्षीदाराला मिळकत मिळत नाही.

“कसली मिळकत? गळके बूट? आण इकडे.”

दुरुस्ती: कलम पाचमधून ताईला वगळलं आहे. सायकल, बूट आणि पिशवी प्रयोगशाळेच्या वॉचमनला. मृत्यूनंतर उघडण्याची अटही रद्द. कागद उघडाच आहे.

ठिकाण: माझी खोली, पलंग
दिनांक: ताई आली तो शनिवार

सही: भिंगरी (सरळ आली आहे, पाहून घ्यावं)

साक्षीदार पहिला: मॅडम. माझ्यासमोर सही केली. पियानोचा उल्लेख गाळला जाईल.

साक्षीदार दुसरा: थोरली बहीण. सगळं ऐकून सही केली. पाटी रंगवून घ्यायला माझ्या मरणाची किंवा ह्याच्या मरणाची वाट बघणार नाही, काकांकडे उद्याच जाते. बाबांचं कळलं, बरं झालं. माझं मला इतक्यात कळायला नको, कुणी तपासू नये. विचारावंसं वाटेल तेव्हा मीच विचारीन. तोवर मी चालताना हा माझ्या पायांकडे बघत बसला, तर ह्याला भाऊ म्हणून वगळण्यात येईल.