डब्यातला टी-शर्ट

आई, तुझ्या डब्यामुळे माझ्या लेकीची चौकशी झाली. होय, तोच स्टीलचा डबा, ज्याच्या झाकणावर तू भांड्यांच्या दुकानात उभी राहून स्वतःचं नाव कोरून घेतलं होतंस. मी पहिल्यांदा बहरीनला निघाले तेव्हा आमसुलं भरून तो तू माझ्या पिशवीत कोंबलास आणि वर बजावलंस, "डबा परत आण हो." परत आणताना त्यात काय घालावं, खजूर की बदाम, याच विचारात मी होते आणि तू गेलीस. डबा राहिला तो राहिलाच. माझी लेक तुझ्यानंतर झाली, म्हणून आधी तिची ओळख करून देते. चौकशीचं मग सांगते, लगेच कपाळाला हात लावू नकोस.

ती पळते. आठशे मीटर हा तिचा प्रकार. हडकुळी, लांब तंगड्यांची, आमच्या जिदहफ्सच्या बिल्डिंगचा जिनासुद्धा पळतच चढते. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि भांडणात तर दोघींना आपापली भाषा कमी पडते. रिफाच्या मैदानावर ऊन उतरलं की तिचा सराव असतो, तिचा बाप ऑफिसातून परस्पर गाडी घेऊन तिला न्यायला जातो. गेल्या हिवाळ्यात तिथल्या स्पर्धेत अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या कोचबाईंनी तिला हेरलं. तिकडची कॉलेजं म्हणे चांगले खेळाडू शिकायला बोलावतात, फी माफ करतात, आणि अशी मुलं शोधत कोच जगभर हिंडतात. त्या बाई आपल्या घरी आल्या. सुरमईचं कालवण हाताने भुरकून जेवल्या, सोलकढी दोनदा मागून घेतली, आणि मी काय, पाघळले! उरलेले घावणे चटणीसकट तुझ्या डब्यात भरून दिले आणि हसत म्हटलं, "पण आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत हं." लेकीने ते इंग्रजीत सांगितलं. बाई खो खो हसल्या. परत जायच्या आधी मैदानावर त्यांनी डबा आणून दिला. आत त्यांच्या कॉलेजचा टी-शर्ट गुंडाळून ठेवलेला. त्याला चटणीतल्या लसणीचा वास लागला होता, तरी माझी पोर तो घालून फोटो काढून मोकळी झाली.

आता ऐक. तिकडे नियम असा आहे की मुलगी कॉलेजात दाखल होईपर्यंत कोचने तिला साधा रुमालसुद्धा द्यायचा नाही. दिला तर ती लालूच धरतात, म्हणजे कुणी वस्तू देऊन खेळाडू फोडू नयेत. या बाईंवर आधीच संशय होता, कुणाला बूट दिले, कुणाच्या भावाचं विमानाचं तिकीट काढलं, असं काहीबाही. कुणीतरी आमच्या पोरीचा फोटो दाखवला. कॉलेजचा निरोप आला की चौकशी अधिकारी व्हिडिओवर बोलतील, आणि नियम मोडलेला निघाला तर मुलीची जागा जाऊ शकते. वर्षानुवर्षं उन्हात पळून मिळवलेली जागा, गं. डबा रिकामा परत न करायचा तुझा नियम जाऊन त्यांच्या नियमावर आपटला होता, आणि मधे माझी पोर.

तिच्या बापाने तोडगा काढला. "सांगायचं कशाला? माणूस अमेरिकेत, डबा जिदहफ्समध्ये. म्हणायचं, टी-शर्ट बाब अल बहरीनच्या बाजारात घेतला, तिथे पाहिजे तो छाप मारून देतात. खलास!" मी त्याला अडवलं नाही. पण तुला खरं सांगू? चौकशीचं कळलं तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात मला बरं वाटलं होतं. म्हटलं, जाणार नाही आता ही. राहील इथेच, माझ्या डोळ्यांसमोर.

शुक्रवारची दुपार आहे. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, पडद्यावर पिकल्या केसांचा एक शांत माणूस. तो लेकीला विचारतो, कोचने तुला काही दिलं होतं का? आणि माझी लेक म्हणते, "येस सर." तहान लागली की पाणी मागावं, इतक्या साधेपणाने. बापाने डोळे मिटून घेतले. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, फडताळातून तुझा डबा काढून आणला आणि पडद्यासमोर धरून म्हणाली, यात दिला. मी तिच्याकडे बघतच राहिले. सगळं पुढचं आयुष्य त्या एका होकारात अडकलेलं, आणि ही झाकणावरचा डाग बाहीने पुसतेय! ही एवढी मोठी कधी झाली, गं? मी तर रोज हिच्या केसांना तेल लावते.

साहेबाने विचारलं, टी-शर्ट जेवणाच्या डब्यात कशाला? ती माझ्याकडे वळली. "आई, तू सांग. मी ट्रान्स्लेट करते." मग मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली. मी लहान असताना शेजारच्या खालाने ईदला शेवयांचा डबा पाठवला होता. दुसऱ्या दिवशी मी तो धुऊन तसाच परत द्यायला निघाले, तशी तू मागून ओरडलीस, "रिकामा डबा घेऊन लोकांच्या दारात जातेस? लाज नाय वाटत गो?" घरात तेव्हा काही म्हणजे काही नव्हतं. तू सगळे डबे धुंडाळलेस आणि चिमूटभर साखर घातलीस. मला इतकी शरम वाटली की मी खालाच्या दाराशी खाली मान घालून उभी राहिले. तिने झाकण उघडलं, साखर जिभेवर ठेवली आणि म्हणाली, "आईला सांग, गोड होती." तू ते ऐकून चुलीकडे तोंड फिरवलंस, ते मला अजून दिसतं.

लेक वाक्यावाक्याला सांगत होती. साखरेपाशी आल्यावर तिचा आवाज बारीक झाला, कारण ही गोष्ट मी तिलाही कधी सांगितली नव्हती. मग साहेब म्हणाला, झाकणावर काय लिहिलंय? आणि आई, जिला मराठीचं एक पान वाचायला बसवायचं तर मला नाकी नऊ येतात, तिने बोट फिरवत तुझं नाव वाचलं, एकेक अक्षर लावून. साहेबाने स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. रेशनकार्डावर जन्मभर चुकीचं राहिलेलं तुझं नाव माझ्या लेकीने अमेरिकेतल्या चौकशीत बरोबर लिहवून घेतलं. मला हसू की रडू कळेना.

निकाल आला तेव्हा तिची जागा राहिली होती. टी-शर्ट परत पाठवायचा, आणि तिकडे गेल्यावर पहिल्या स्पर्धेत बाहेर बसायचं, एवढंच. कोचबाईंचं पुढे काय झालं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. टी-शर्ट धुऊन, इस्त्री करून पार्सलमध्ये घालताना माझा हात लाडवांच्या डब्याकडे गेला, तर पोरगी किंचाळली, "आई! नो!" तिचा बाप आता ज्याला त्याला फुशारकीने सांगत सुटलाय की आमच्याकडे खोटं चालत नाही. चालू दे.

काल ती गेली. वाटेत खायला घावणे दिले होते, तुझ्याच डब्यात. विमानतळावर बसून तिने ते संपवले, आणि आत शिरताना डबा माझ्या हातात ठेवला, मला घट्ट धरलं आणि पळाली, पळायची तिला सवयच. घरी येऊन घासायला म्हणून झाकण उघडलं तर डबा टिश्यूने लख्ख पुसलेला, आणि आत कॉफीच्या दुकानातली साखरेची पुडी.

हे पत्र टाकायचं कुठे, ते मला ठाऊक नाही. मी ते घडी घालून तुझ्या डब्यात ठेवतेय. डॉक्टरांनी मला साखर बंद केली आहे, तरी ती पुडी मी ओट्यापाशी उभ्या उभ्या फोडून खाल्ली, आणि डबा रिकामा ठेवायला मन होईना.