अठरा सेकंद वजा करून

मी, अंगद हरिबा लगड, वय वर्षे पासष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार तेलगाव, ता. धारूर, जि. बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गावच्या डॉ. मंजुषा घुले तसं लिहून द्यायला तयार आहेत. बायकोचं मत वेगळं आहे, पण ते तिने लग्नाच्या वर्षापासून बदललेलं नाही. कोणाचाही दबाव नाही.

कलम १. राहतं घर माझ्या पश्चात पत्नी कौशल्याबाई हिचं. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये, तिला विकायला लावू नये. तिच्यानंतर मुलगा सत्यम आणि मुलगी तेजश्री, निम्मं निम्मं. मुलीने हक्कसोड करून द्यावी असं कोणी सुचवलंच, तर त्याला हे कलम दोनदा वाचून दाखवावं.

कलम २. गच्चीवरचा उपग्रहाची वेळ घेणारा अँटेना सत्यमने काढू नये. त्याला तिथे पाण्याची टाकी बसवायची आहे. बसव बाबा, पण उत्तरेच्या कोपऱ्यात. उत्तरेला खालच्या आभाळात हे उपग्रह फिरकत नाहीत. उरलेलं आभाळ मोकळं राहू दे.

कलम ३. सदर अँटेना मी घरीच बनवला आहे. प्लास्टिकच्या नळीवर तांब्याची तार, आणि खाली एकात एक बसवलेल्या जर्मनच्या पातेल्यांच्या कडा. शेजारच्या पत्र्यांवर आपटून उशिरा येणारा सिग्नल त्या कडा अडवतात. पातेली कौशल्याबाईची होती. न विचारता कापली. त्यातलं एक तिच्या आईने दिलेलं होतं, हे मागाहून कळलं. ते काही परत येत नाही. म्हणून गच्चीवर कपडे वाळत घालायचा पहिला हक्क तिचा, अँटेनाचा दुसरा.

कलम ४. सोल्डरिंगची हत्यारं, रिसीव्हर आणि सगळ्या वह्या तेजश्रीला. ती परभणीला पॉलिटेक्निकात शिकवते. वह्यांत चुका आहेत, त्या खोडू नयेत.

कलम ५. शहादेव किसन तिडके, शाळेचा निवृत्त शिपाई, माझा लंगोटीयार. तीस वर्षं त्याने रोज सकाळी रेडिओवर घड्याळ लावलं आणि ठोक्याला दहाची घंटा दिली. २०१८ साली माझा अँटेना चालू झाला. सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तरी त्यातला एकही न चुकवणारं यंत्र आपल्या गच्चीवर! त्या माजात मी दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उभा राहिलो आणि म्हणालो, "शाळेची घंटा रोज अठरा सेकंद उशिरा पडते. हा माणूस गावाचा टाइम खातोय." लोक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव 'अठरा' पडलं. शाळेतली लेकरं अठरा म्हणत, पप्पूच्या हॉटेलात अठरा म्हणत. निवृत्तीच्या सत्कारातही मागून कोणीतरी ओरडलं. तो पुन्हा माझ्या ओट्यावर बसला नाही.

तीन वर्षांनी खरं काय ते कळलं. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राहावा म्हणून आपल्या घड्याळांत अधूनमधून एक सेकंद वाढवतात. उपग्रहांच्या घड्याळात वाढवत नाहीत. त्यामुळे साठत साठत ती घड्याळं आता अठरा सेकंद पुढे आहेत आणि तेवढे वजा करायचे असतात. मी केले नव्हते. शहादेवची घंटा बरोबर होती. हे मी चार वर्षं कोणाला सांगितलं नाही, कारण लाज वाटली. माझ्या मृत्यूनंतर हे कलम त्याला वाचून दाखवावं.

इथवर १९ जानेवारीला लिहून झालं. कौशल्याबाईला वाचून दाखवलं, तर ती पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर आली. "मेल्यावर कावून? जित्तेपनी लाज वाटती, आन मेल्यावर त्वांड फुटणार हाय व्हय तुमचं?" तिनेच शहादेवला साक्षीदार म्हणून बोलावणं धाडलं. तो आला. उभ्यानेच सगळं वाचलं.

"घरात बसून माफी कावून मागतो बे?" तो म्हणाला. "आब्रू गावाम्होरं घेतलीस. म्या सही करीत न्हाई." आणि गेला.

कलम ६. यास्तव हे मृत्युपत्र सात दिवस बिनसहीचं पडून राहिलं. तेवढ्यात मेलो तर काय, याची रोज धास्ती वाटली. आज सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी माईक मागितला. म्हणालो, "शहादेवची घंटा कधी चुकली न्हाई. चुकलो मी. कळल्यावरबी गप बसलो, ही दुसरी चूक. हितनं पुढं कोणाला अठरा म्हणायचं आसंल, तर मला म्हणा." कोणी हसलं नाही. सरपंचांनी पाणीपुरवठ्याचा विषय घेतला.

शहादेव मागच्या रांगेतून उठला. मला वाटलं, चालला. तो सरळ माझ्यापाशी आला, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाला, "कुटं करायची सही?"

वरील सर्व मजकूर माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करीत आहे.

तेलगाव, दि. २६ जानेवारी २०२६

(सही) अंगद हरिबा लगड

साक्षीदार:
१. (सही) शहादेव किसन तिडके, निवृत्त शिपाई, तेलगाव
२. (सही) डॉ. मंजुषा अभिमन्यू घुले, तेलगाव