खंडेनवमीला दाबलेलं बटण

आश्विन शुद्ध अष्टमी, दुपारी सव्वातीन, कोलशेत

सर, एवढी वर्षं तुम्हाला काहीच लिहिलं नाही, त्याबद्दल माफ करा. तुम्ही गेलात तेव्हा शोकसभेत मला बोलायला उभं केलं होतं. "रूढी मोडायची हिंमत असलेला माणूस," असं मी म्हणाले आणि लोकांनी माना डोलावल्या. पुढचं बोलायचं होतं ते न बोलताच खाली बसले.

वागळे इस्टेटमधल्या त्या कारखान्यात तुम्ही वर्क्स मॅनेजर होतात आणि मी डोंबिवलीहून येणारी, नुकती इंजिनिअर झालेली ट्रेनी. "मुलीला ड्रॉइंग ऑफिसात बसवा," असं मालक म्हणाले, तरी तुम्ही मला सरळ मशीन शॉपमध्ये नेऊन लेथसमोर उभं केलंत. तिथे बायकांसाठी स्वच्छतागृहसुद्धा नव्हतं. आठवड्याभरात तुम्ही ऑफिसातल्या एका स्वच्छतागृहाची किल्ली आणून माझ्या हातात ठेवलीत. त्या किल्लीपायी मी तुमच्यासाठी काहीही केलं असतं.

केलंच. त्या खंडेनवमीला सकाळी मशीनं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून झाले होते. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत मशीनला कोणी हात लावायचा नाही, ही शॉपमधली जुनी रीत. प्रसादाचा पेढा तोंडात टाकत तुम्ही म्हणालात, "एवढे बारा पीस काढून टाका रे, टेम्पो पाचला येतोय." त्या लेथवर वीस वर्षं काम केलेले काका म्हणाले, "आज नाय, साहेब. पूजा झालेय तिची. तुमच्या घरी वहिनी तरी सणाला ओव्हरटाइम करतात का?" सगळे हसले, तुम्ही नाही. "यंत्राला सण नसतो," असं म्हणून तुम्ही माझ्याकडे वळलात. "तू कर गं चालू. तुझा नाही ना विश्वास असल्या गोष्टींवर?"

मी हिरवं बटण दाबते. मला त्या क्षणाचा अभिमानच आठवतो. पीस पकडून फिरणाऱ्या चकवर लोंबणारा हार कुणीच काढलेला नाही. दोरा गुंडाळत जातो, झेंडू उडतात आणि काका हात घालतात, देवाचा हार तुटू नये म्हणून. लाल बटण माझ्यापासून वीतभर लांब आहे. मी ते दाबते, पण उशिरा.

काकांची दोन बोटं गेली. चौकशीत मालकांसमोर तुम्ही म्हणालात, "पोरगी उत्साही आहे. मी काही सांगायच्या आत तिने चालू केलं. पण तिच्यावर कारवाई नको, मी सांभाळून घेतो." मालकांना तुम्ही थोर वाटलात. बाहेर आल्यावर मला म्हणालात, "वाचवलं मी तुला, कळतंय ना?" आणि मी "थँक यू सर" म्हणाले. तुमचे आभार मानले मी!

वर्षभराने काका टेंभी नाक्यावर देवीच्या रांगेत भेटले. मी तोंड फिरवत होते, त्यांनीच हाक मारली. "लपतेस कशाला? हुकूम कोनाचा होता ते सगल्यांना म्हाईत हाय."

"मग तेव्हा बोलला का नाहीत, काका?"

"तू बोललीस का?"

तुम्ही रूढी मोडायचात, हे खरंच. पण कधी मोडायची हे कसं ठरवायचात, ते मला फार उशिरा उमगलं. साधलं तर निर्णय तुमचा आणि बिघडलं तर हात दुसऱ्याचा, अशी सोय दिसली की तुम्ही धीट व्हायचात. मला शॉपमध्ये आणलंत तेही असंच का? मला जमलं नसतं तर "तुम्हीच बरोबर होतात," असं मालकांना सांगून मोकळे झाला असतात का? ही शंका सगळ्यात जास्त डाचते, कारण तिने ती किल्लीसुद्धा नासवली. कदाचित मी अन्याय करत असेन. घाबरून एकदा खोटं बोललेला माणूस दर वेळी खोटाच असेल असं नाही.

आता इथल्या कारखान्याची प्रमुख मी आहे. यंदा मी ठरवलं की मशीनवर हार घालायचे नाहीत, पूजा गेटजवळ टेबल मांडून करायची. निर्णय योग्य आहे असं मला अजूनही वाटतं. पण कामगारांना सांगायला मी सुपरवायझरला पाठवलं, ज्याला सगळे दादा म्हणतात.

"मॅडम, तुमचं नाव सांगू?"

"नको. सेफ्टीचा नियम आहे म्हणा."

आज जेवणाला दादांच्या टेबलावर कोणी बसलं नाही. एकजण त्यांना ऐकू जाईल असं बोलला, "देवीला वॉचमनच्या ड्यूटीवर लावली, आता दादांचं प्रमोशन पक्कं!" दादा मान खाली घालून जेवत राहिले. तासाभरापूर्वी डायरेक्टरांचा फोन आला. "हे कोणाच्या डोक्यातून निघालं? त्या सुपरवायझरला जरा समज द्या." मी म्हणाले, "बघते मी."

हे पत्र डायरीतच राहील. तुम्हाला जाब विचारायला बसले होते. पण फोन ठेवल्यावर मला आधी हायसं वाटलं आणि लाज नंतर वाटली. तो क्रम होता तसाच लिहून ठेवते.

उद्या: पूजेच्या आधी डायरेक्टरांना फोन करून सांगणे, निर्णय दादांचा नाही, माझा.