आमच्या भामट्याची अटक एक दिवस पुढे ढकलण्याबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
सायबर गुन्हे शाखा

विषय: सदर इसमास शनिवारऐवजी रविवारी, शर्यत संपल्यावर पकडण्याबाबत.

संदर्भ: माझाच मागील अर्ज, ज्यात मी त्यास तात्काळ बेड्या ठोकाव्यात असे लिहिले होते.

महोदय,

१. रविवारच्या दहा किलोमीटर शर्यतीची नोंदणी उघडता उघडता संपली. मला जागा मिळाली, सौ.ची राहिली. ती हाडांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका असून तिची ही पहिलीच शर्यत आहे. तेवढ्यात धावणाऱ्यांच्या ऑनलाइन गटावर एका इसमाने लिहिले की, गुडघा दुखावल्याने त्याला आपली जागा विकायची आहे. महोदय, धावणारा माणूस एरवी सख्ख्या भावावर विश्वास ठेवणार नाही, पण कुणी गुडघा म्हटले की त्याचे डोळे पाणावतात. आम्ही लगेच पैसे पाठवले. त्याच गटातल्या दंतवैद्याने आणि शिंप्यानेही गुपचूप पाठवले. तिघांना छातीवर लावायचा एकच नंबर आला.

२. असे इसम पैसे मिळताच फोन बंद करतात, असे आपल्या शाखेचे म्हणणे आहे. याला तेवढी उसंतच मिळाली नाही. सौ. रोज फोन करून गुडघ्याची चौकशी करू लागली, मग व्हिडिओवर व्यायाम घेऊ लागली. एकदा तिने त्याला जिना चढायला लावला, तेव्हा त्याने टाकलेल्या धापांनी आमच्या भिंतीवरचे कॅलेंडर फडफडले. खोटे वाटल्यास शिंप्याला विचारावे. अखेर तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "काकू, माझा गुडघा ठणठणीत आहे. मी भामटा आहे." सौ. म्हणाली, "मग उद्यापासून पळायला ये."

तो आला. सौ.ने बोलावले आणि माणूस आला नाही, असे मी संसारात पाहिलेले नाही.

३. त्याने सर्वांचे पैसे परत केले. शर्यतवाल्यांनीही दया येऊन तिघांना खऱ्या जागा दिल्या. परंतु आपले शिपाई शनिवारी त्याला उचलणार हे कळताच सौ.ने नवे बूट पुन्हा खोक्यात घातले. तिच्या संथ चालीने पळणारा जगात तो एकटाच आहे. मी सोबतीची तयारी दाखवली. त्यावर, "तुम्ही बोलता आणि दम मला लागतो. त्याला बोलायला श्वासच उरत नाही. तो नसेल तर मी येत नाही," असे तिने भांडी घासताना ऐकवले.

४. मी माझा नंबर त्याला देऊ केला. पण नंबर दुसऱ्याला देणे नियमबाह्य असून त्यात फसवणूक होऊ शकते, असे त्यानेच मला समजावून सांगितले. सबब तो पदपथावरून पळेल.

५. तरी रविवारी शेवटच्या रेषेपलीकडे त्यास ताब्यात घ्यावे. तो निसटेल अशी शंका नसावी. त्याला अजून सौ.लाच मागे टाकता आलेले नाही. फक्त पकडल्या पकडल्या जीपमध्ये बसवू नये. बेड्या घालून का होईना, पाच मिनिटे चालवावे. एकदम थांबल्यास पोटऱ्यांत गोळे येतात. हे वाक्य सौ.ने समोर बसून लिहवून घेतले आहे.

आपला नम्र (व घरातून पाठवलेला),
(सही)
निवृत्त घड्याळजी
दिनांक: शुक्रवार, घाईत

सोबत: तिघांना आलेला एकच नंबर, तीन प्रती.