देवाप्पांच्या लाइनीचे व्होल्ट

कंग्राळी, दसऱ्यानंतरचा सोमवार, १९८८

तीर्थरूप मामा यांच्या पायांवर कृष्णातचं डोकं. मामींच्या गुडघ्याला उतार पडला असेल. आमच्याकडं ताप-खोकला कुणाला न्हाय. माझं लग्न तेवढं मोडायच्या बेतात आहे, ते सविस्तर लिहितो.

देवाप्पांच्या जयाचं स्थळ तुम्हीच सुचवलंत. देवाप्पा तुमचे निपाणीच्या शाळेतले दोस्त, आता आमच्याच भागाचे लाइनमन. बघायला गेलो तेव्हा सगळे माझा उद्यमबागेतल्या कारखान्याचा पगार विचारत होते. मी घरी व्होल्टमीटर करतोय म्हटल्यावर जयानं एकटीनं विचारलं, तो चालतो कसा. (तिथंच माझं ठरलं.) काट्याचा नव्हे मामा, लाल आकडे उजळणारा. आत मायक्रोकंट्रोलर नावाची बारकी चिप असते, लाइनीत किती व्होल्ट आहेत ते ती मोजून आकड्यात सांगते. चिप बेंगळूरहून मागवली, प्रोग्रॅम मित्रानं भरून दिला, डबा आईचा शेवयांचा घेतला. देवाप्पा म्हणाले, दसऱ्याला येतो, कला बघतो, मग सुपारी फोडू.

खंडेनवमीला आईनं विळा, कुऱ्हाड, माझे पाने-पक्कड पूजेला मांडले आणि मीटरही त्यातच बसवला. नवं हत्यार म्हणून त्याला मान जास्त. हळदकुंकवाची ओली बोटं, झेंडू, दुधाचे शिंतोडे, आणि हे सगळं झाकण काढून! (वरनं पूजा केली तर आतल्याला कशी पोचणार, हे तिचं म्हणणं.) मी कामावरनं आलो तर चिपच्या पायापायाला कुंकू. पुसायला गेलो तशी आई कडाडली, सीमोल्लंघन झाल्याशिवाय पूजेतल्या हत्याराला हात लावायचा न्हाय. म्हटलं, सोनं लुटून आल्यावर पुसू. आलो, तर देवाप्पा आमच्या आधी येऊन सोप्यात बसलेले.

सोनं दिलं-घेतलं, शिरा आला, देवाप्पा म्हणाले, दाखव बघू. मी कुंकवासकट मीटर लावला. यायला हवेत दोनशे तीस, आकडा आला एकशे अठ्ठेचाळीस. देवाप्पांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. एकशे सेहेचाळीस. भावकी सगळी बघतेय! माझ्या तोंडावर माझ्या लाइनीला नावं ठेवतोस व्हय रं, म्हणून ते जे तापले. मी गडबडून बोललो की मीटर खोटा दाखवतोय, आईच्या कुंकवानं बिघडलाय. तशी आई उसळली, आईच्या कुंकवाला दोष देणारा बायकोला काय नांदवणार! यावर देवाप्पांनी जोरात मान डोलावली आणि शिरा तसाच ठेवून उठले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मामा, मला लई वाईट वाटतंय. जेवण गोड लागत न्हाय. देवाप्पा ऐकले तर तुमचंच ऐकतील. येऊन एवढंच सांगा, की चूक कुंकवाची, लाइनीची न्हाय.

आपला भाचा,
कृष्णात

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी मीटर स्पिरिटनं धुतला, वाळवला आणि दिवेलागणीला लावला. एकशे सत्तेचाळीस. कारखान्यातला मीटर आणून बघितला, तोही तेच म्हणतो. कुंकवाचा काही दोष नव्हता. (आईला बोलू नका, आधीच माझ्याशी अबोला आहे.)

ता. क. दुसरा. आकडा जुळवायला आत एक स्क्रू असतो. तो पिळून संध्याकाळचे दोनशे तीस करून ठेवलेत. देवाप्पांना दिवेलागणीलाच आणा. दुपारी लाइनीत व्होल्ट पुरते असतात, तेव्हा आणलंत तर मीटर साडेतीनशे दाखवील.

ता. क. तिसरा. जयाचा निरोप आत्ताच तिच्या मावशीनं आणला. त्यांच्याही घरात संध्याकाळी पंखा हलत न्हाय, पण बापाला बोलायची कुणाची छाती न्हाय. मीटर खरं बोलला म्हणून ती खूश होती. पुढं म्हणते, माझ्या बापाला भिऊन स्वतःच्या मीटरला खोटं पाडणारा नवरा मला नको. स्क्रू होता तिथं परत आणलाय. मामा, तुम्ही या मात्र लगेच. एकशे सत्तेचाळीस देवाप्पांच्या गळी कसे उतरवायचे, ते तुम्ही बघा.