चिनी देवळातली पत्रं

१० सप्टेंबर १९८३
सापडलं एकदाचं! नदीकाठच्या गावात, टायरच्या दुकानामागे, चिनी देऊळ. रंग उडालेला, देवापुढे संत्री मांडलेली. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण ह्याच्यावरच. कॅलिफोर्नियात आलेली आमची मराठी मुलं सगळी इंजिनिअरिंगला. इतिहास घेणारी वेडी मी एकटी.

देऊळ सांभाळतात मिस्टर फाँग. वय अठ्ठ्याहत्तर. दंतकथा सांगताना चेहरा मामलेदाराचा! एकदा महापूर आला, गाव बुडालं, पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीशी थांबलं. सकाळी बघतात तर पाण्याच्या देवाचे जोडे चिखलाने माखलेले. देव स्वतः बांधावर जाऊन उभा राहिला होता म्हणे. "खरंच?" मी विचारलं. "माझ्या आजीने धुतले ते जोडे," म्हणाले.

२४ सप्टेंबर
साताऱ्याहून वडिलांचं पत्र. अक्षर शैलेंद्रदादाचं. भाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून ते सांगतात आणि दादा लिहितो. आई 'तशी बरी'. गेल्या वर्षी हार्ट अटॅक आला तेव्हाही 'तशी बरी'च होती! मला महिन्याने कळवलं. का, तर माझी परीक्षा होती. आमच्या घरात परीक्षा चालू असताना कुणाला आजारी पडायचीही सोय नाही.

८ ऑक्टोबर
फाँगनी आज पेटी उघडली. शंभर वर्षांपूर्वीच्या पत्रांच्या नकला — खाणीतल्या मजुरांनी चीनमधल्या आयांना पाठवलेली. फाँग वाचून अर्थ सांगत गेले. नावं चौदा, अक्षर एकच! इथल्या पुजाऱ्याचं. माणसं केव्हाच मेलेली, आणि हा त्यांच्या नावाने लिहीत राहिला. 'आई, मी ठीक आहे. इथे थंडी पडली आहे.' वर्षानुवर्षं!

संताप आला मला. ह्याला हक्क कुणी दिला? फाँग म्हणाले, "त्या बायका म्हाताऱ्या होत्या." असू देत. खोटं ते खोटं! प्रबंधात सरळ 'फसवणूक' लिहिणार आहे.

२ नोव्हेंबर
घरची पत्रं काढून बसले होते. श्रावणापासूनची चारही दादाच्या हातची. मोतीबिंदू भाऊंना झाला, मग आईच्या दोन ओळी का नाहीत? तिचा हात कुणी धरलाय?

काहीतरी लपवतायत. जाऊ का? सोळा डिसेंबरला डिफेन्स, प्रबंधाची तोंडी परीक्षा.

३ नोव्हेंबर
आईला काही झालं असेल तर मी दादाला कधीच माफ करणार नाही.

१९ नोव्हेंबर, शनिवार
शेवटी कॉल बुक केला. साताऱ्यात रविवार सकाळ. फोन शेजारच्या वकिलांकडे. निरोप गेला — आणि आई आली! स्वतः चालत आली!
"अगं उत्तरे, एवढी घाबरलीस काय? ठणठणीत आहे मी."
मी नुसती रडत होते. भाऊंना बोलाव म्हटलं. "पूजेला बसलेत गं, मध्येच कसं उठवू? तुझं ते डिफेन्स आटोपून ये. त्यांचीही तीच इच्छा." लाइन कट झाली.

आई आहे! पिठलंभात केला आणि पातेलंभर संपवला.

४ डिसेंबर
इथे राहणाऱ्या नीलाकाकू भारतातून परत आल्या. आईने त्यांच्याबरोबर मेतकूट दिलंय, ते आणायला गेले. दारातच त्यांनी जवळ घेतलं. "फार वाईट झालं गं भाऊंचं. श्रावणात, पूजेला बसले असतानाच ना? आईंची मात्र कमाल हं. किती ब्रेव्हली सगळं हँडल केलं!"

त्यांना वाटलं, मला ठाऊक आहे. उत्तरासमोर बोलू नका, एवढं सांगायचं आमच्या घरचे विसरले. मग काकूंनी तोंडावर हात ठेवला. "अगं देवा... तुला कळवलं नाही?"

भाऊ गेले. चार महिने होत आले. मी आईसाठी नवस बोलत होते. भाऊंचं मनातसुद्धा आलं नाही. पत्रातून त्यांना विचारत होते, डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना?

बारा दिवसांनी डिफेन्स. काकू म्हणाल्या, "फोन लाव आत्ताच्या आत्ता." नको म्हटलं. आई कोसळेल. मोकळेपणी रडताही येत नसेल तिला. पोरीची परीक्षा संपायची वाट बघत असेल.

५ डिसेंबर
पत्र टाकून आले. 'तीर्थरूप भाऊंस साष्टांग नमस्कार. डोळे आता कसे आहेत? माझी तयारी छान चालली आहे. आईला सांभाळा.'