पीण्यातली रिकामी शेड

शनिवार, संध्याकाळ

निवृत्त झाल्यापासून गाणं शिकतोय. आता एक मैफल करायचीच. कुणी बोलावत नाही, म्हणून जागाही आपणच घ्यायची. त्यासाठी आज बायकोला, सुमतीला, घेऊन पीण्यातली, म्हणजे शहराच्या कारखान्यांच्या भागातली, एक रिकामी शेड पाहून आलो. जागा प्रशस्त आहे, पण बरोब्बर मधोमध लोखंडी खांब. त्याच्यामागे बसणाऱ्याला मी दिसणारच नाही. सुमती म्हणाली, "त्याच जागा आधी भरतील."

आवाज घुमतो का पाहावं म्हणून एक आलाप घेतला. बाजूच्या कारखान्यातला माणूस धावत आला आणि विचारू लागला, कुठलं मशीन अडकलंय? शेडचे मालक अण्णा या कानडी मुलखातले जुने मराठी. ते हसले नाहीत, हे उपकारच.

"आवाजाची तक्रार इथे कोणी करत नाही, सर. बाजूला दिवसभर पत्रे कापतात. रविवारी तेवढं बंद असतं."

"सरी अण्णा, ठीक आहे, मग शनिवारीच ठेवू," सुमती म्हणाली.

परतताना मेट्रोत मनात एकच विचार. हसं करून घेतोय का मी? आणि तो खांब! हलवता तर येणार नाही.

घरी आल्यावर सुमती भाजी निवडत बसली. शेवटी विचारलं, "राहू दे का? खरं सांग."

"राहू दे कशाला? रोज दुपारी मी तंबोऱ्यावर हात बसवतेय, तो काय उगाच?"

मला पत्ताच नव्हता. दुपारी मी झोपतो.

लगेच अण्णांना फोन करून शेड ठरवून टाकली. मग दोघं तंबोरा घेऊन बसलो. भाजी तशीच राहिली. आज दहीभात.